जुनी एसएसडी घेताय? आधी तिचा केसपेपर वाचा

पाच-सहा वर्षांचा संगणक सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेऊ लागला, की दुरुस्तीवाला एकच उपाय सांगतो, ‘एसएसडी टाका.’ उपाय खरा आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, की तोच संगणक अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. पुढचा प्रश्न खिशाचा. तीच एसएसडी वापरलेली घेतली तर बरीच स्वस्त पडते. दहिवली-कर्जतच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावंही लागत नाही. लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड आणि थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. घरबसल्या मागवायची, तर ऑनलाइन बाजारही आहेच.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. आजच्या दवाखान्याचं कपाट म्हणजे संगणकातली ही डिस्क आहे, हे त्याचं उत्तर. छोटे दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅब, सोनोग्राफी केंद्रं, औषधांची दुकानं, सगळ्यांच्या नोंदी आता तिथेच असतात. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या, असं भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. कायदा बाजूला ठेवला तरी, मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन किती होतं, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं, क्षयाचे उपचार कधी सुरू झाले, हे सांगणारी नोंदच नाहीशी झाली, तर पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

म्हणून वापरलेली डिस्क घेऊच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. वापरलेली वस्तू म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे, हे वैद्यकशास्त्राने आपल्या मुंबईतच दाखवून दिलं आहे. अमेरिकेत मृत्यू पावलेल्या माणसांच्या शरीरातून काढलेले, दान मिळालेले पेसमेकर वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते समाधानकारक होते. मात्र त्या प्रत्येक पेसमेकरची उरलेली बॅटरी आधी मोजली होती आणि तो नीट निर्जंतुक केला होता. स्वस्त वस्तू सुरक्षित झाली ती या तपासणीमुळे. डिस्कचंही तसंच आहे.

डिस्कच्या आतला वॉर्ड

एसएसडीत फिरणारं काही नसतं. तिच्यात असते ती फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधली. सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवायचा आणि तो किती आहे यावरून माहिती वाचायची, हे तिचं तत्त्व. वीज बंद झाली तरी भार कप्प्यात राहतो, म्हणून फाइल टिकते.

आता एक मोठा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. रुग्णाला एका पलंगावर दाखल करता येतं, पण चादरी बदलायच्या तर एक पलंग नाही, अख्खी खोली रिकामी करावी लागते, असा त्या वॉर्डाचा विचित्र नियम आहे. मग इन्चार्ज सिस्टर काय करते? त्या खोलीत ज्यांना राहायचंच आहे त्यांना दुसऱ्या खोलीत हलवते, खोली धुऊन घेते आणि कोण कुठे गेला ते रजिस्टरमध्ये लिहिते. प्रत्येक धुण्याबरोबर खोली थोडी झिजते. त्यामुळे एकाच खोलीवर ताण येऊ नये, म्हणून ती पाळीपाळीने सगळ्या खोल्या वापरते आणि अडीअडचणीला दोन-चार खोल्या राखून ठेवते.

एसएसडीतली ही इन्चार्ज सिस्टर म्हणजे फर्मवेअर. डिस्कच्या आतच बसलेला हा एक छोटा प्रोग्राम असतो. आपण संगणकात जे विंडोज किंवा लिनक्स घालतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. डिस्क पुसली, विंडोज नव्याने टाकलं, तरी फर्मवेअर जुनंच राहतं. म्हणजे जुनी डिस्क घेताना तिची झीज जशी आपल्याकडे येते, तशा त्या सिस्टरच्या चुकीच्या सवयीही येतात. झिजेची चौकशी बहुतेक जण करतात. सवयींची चौकशी फार थोडे करतात.

झीज किती झाली?

आधी झीज. सॅमसंगच्या ८६० इव्हो या ५०० जीबीच्या डिस्कवर ३०० टेराबाइट लिहिता येईल, अशी कंपनीची हमी होती. दवाखान्याच्या संगणकावर दिवसाला २० जीबी लिहिलं जातं असं धरलं, तरी हिशेब १५ हजार दिवसांचा, म्हणजे ४१ वर्षांचा होतो. साध्या कार्यालयात दोन-तीन वर्षं वापरलेल्या चांगल्या डिस्कला झिजेची भीती फारशी नसते, ती यामुळेच.

उलट बाजूही आहे. २०२१ मध्ये ‘चिया’ नावाचं आभासी चलन आलं. त्याच्या एका ‘प्लॉट’साठी डिस्कवर दीड टेराबाइटच्या आसपास लेखन व्हायचं. वरच्याच डिस्कवर रोज पाच प्लॉट केले, तर ती ४० दिवसांत हमीची मर्यादा गाठते. म्हणून ‘फक्त दोन महिने वापरली आहे’ या वाक्यावर जाऊ नका. वय आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाळिशीतल्या माणसाची फुप्फुसं सत्तरीची असू शकतात, तसंच हे.

सुदैवाने प्रत्येक एसएसडी स्वतःचा केसपेपर स्वतः लिहीत असते. त्याला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम आणि लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ त्या वाचून दाखवतात. त्यात चार आकडे पाहा. डिस्क किती तास चालू होती, तिच्यावर एकूण किती लिहिलं गेलं, आयुष्याचा किती टक्के भाग वापरला आणि चुकांची संख्या किती. चौथा आकडा शून्य नसेल तर स्वस्तातली डिस्कही नको. तिसऱ्याबाबत एक घोटाळा टाळा. काही प्रोग्राम ‘शिल्लक’ टक्के दाखवतात, काही ‘वापरलेले’. ९३ टक्के शिल्लक आणि ७ टक्के वापरलेले हे एकच. शिवाय नव्या एनव्हीएमई डिस्कमध्ये ‘वापरलेले’ टक्के शंभरावर थांबत नाहीत, २५५ पर्यंत जाऊ शकतात.

केसपेपरमध्ये खाडाखोडही होते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघड झालं, की सीगेट कंपनीच्या वापरलेल्या हार्ड डिस्क काही विक्रेते नव्या म्हणून विकत होते. तासांची नोंद पुसलेली होती, पण डिस्कमधल्या दुसऱ्या, खोलवरच्या नोंदवहीत हजारो तासांचा वापर तसाच दिसत होता. एसएसडीच्याही नोंदी पुसता येतात. त्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून पाहायची सवय ठेवा. साट्टा जोडणीची डिस्क सेकंदाला फार तर ५५० एमबी लिहिते. म्हणजे १२ तासांत ती २४ टेराबाइटहून जास्त लिहूच शकत नाही. केसपेपरवर ‘चालू तास १२, लेखन ४० टेराबाइट’ असं दिसलं, तर कुणीतरी तारीख बदलली आहे, हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. लेबलवर उत्पादनाची तारीख चार वर्षांपूर्वीची आणि चालू तास शून्य, हेही तसंच संशयास्पद.

ठरलेल्या तासाला येणारा मृत्यू

आता मुख्य मुद्दा. झीज नसताना, चुका नसताना, केसपेपर स्वच्छ असतानाही डिस्क ठरलेल्या तासाला बंद पडू शकते. आणि हा धोका पहिल्या मालकापेक्षा दुसऱ्याला जास्त असतो.

क्रूशियल कंपनीची एम-४ ही एकेकाळची लोकप्रिय एसएसडी. ती एकूण ५,१८४ तास चालली, की प्रतिसाद देणं थांबवायची. संगणक बंद करून सुरू केला तर तासभर चालायची आणि पुन्हा अडायची. ५,१८४ तास म्हणजे बरोबर २१६ दिवस. डिस्क धडधाकट होती, चूक फर्मवेअरमध्ये होती. जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्त फर्मवेअर आलं आणि दुखणं थांबलं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने ग्राहकांना तातडीची सूचना दिली. तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण होताच कायमच्या बंद पडणार होत्या. तीन वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर डिस्कही परत येणार नव्हती आणि आतली माहितीही नाही. गणितात रस असणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. १६ बिटांच्या खान्यात धन-ऋण चिन्हासह मोजायला घेतलं, तर ३२,७६७ हा शेवटचा आकडा. त्यात एक मिळवला, की जुन्या स्कूटरचा काटा ९९,९९९ नंतर शून्यावर यावा तसं होतं, फक्त इथे तो थेट उणे आकड्यात जातो. मार्च २०२० मध्ये अशीच दुसरी सूचना आली. या वेळचा आकडा होता ४०,००० तास, म्हणजे चार वर्षं, २०६ दिवस, १६ तास. दोन्ही वेळी उपाय एकच होता, तो तास येण्याआधी फर्मवेअर बदलणं.

आता बाजाराचा हिशेब लावा. दिवसाला आठ तास चालणाऱ्या दुकानातल्या संगणकाला ३२,७६८ तास पुरे व्हायला ११ वर्षं लागतात. सर्व्हर मात्र चोवीस तास चालू असतो. त्याला पावणेचार वर्षं पुरतात. कंपन्या सर्व्हर काढून टाकतात ते साधारण याच वयात. म्हणजे ३० हजार तासांची, चकचकीत, ९५ टक्के आयुष्य शिल्लक असलेली डिस्क सवलतीत विकायला येते आणि तिच्यात ही चूक तशीच असेल, तर घात होतो तो नव्या मालकाच्या टेबलावर. ज्या छोट्या रुग्णालयाने जुना सर्व्हर घेतला, त्याला हे नक्की विचारता आलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट एचपीईच्या त्या सूचनेतच सांगितलेली होती. एकाच दिवशी कामाला लावलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी बंद पडतील. ‘आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एक गेली तरी दुसरी आहे’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. एकाच घरातल्या दोघांना एकाच विहिरीच्या पाण्यातून काविळीची बाधा व्हावी, तसं हे होतं. राखीव प्रत वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर हवी, ती यासाठी.

लस वेळेवर, औषध नव्हे

फर्मवेअरचं अद्ययावतीकरण हे लसीसारखं आहे. रोग होण्याआधी दिलं तर वाचवतं, नंतर दिलं तर बहुधा उपयोग नसतो. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या ९८० प्रो या २ टेराबाइटच्या काही डिस्क जुन्या फर्मवेअरमुळे ‘फक्त वाचा’ अवस्थेत जाऊ लागल्या. नवं फर्मवेअर उपलब्ध होतं, पण ज्या डिस्क आधीच अडकल्या त्या त्याने सुटल्या नाहीत. त्याच सुमारास ९९० प्रो डिस्कच्या आरोग्याचे टक्के भराभर उतरत असल्याच्या तक्रारी आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुरुस्ती आली. घसरण थांबली, पण उतरलेले टक्के परत चढले नाहीत.

लस देतानाही काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅबट कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी नवं फर्मवेअर आलं, कारण जुन्यात बाहेरून घुसखोरी करता येण्याजोगी फट होती. हे काम तीनेक मिनिटांचं. तेवढ्या वेळात पेसमेकर राखीव पद्धतीवर जातो आणि मिनिटाला ६७ ठोके देत राहतो. तरीही ते घरी करायचं नाही, डॉक्टरसमोरच करायचं, अशी अट होती. आपल्या एसएसडीला असे राखीव ठोके नाहीत. फर्मवेअर लिहिलं जात असताना वीज गेली, तर जुनं पुसलेलं आणि नवं अपुरं, अशा अवस्थेत डिस्क कायमची मुकी होऊ शकते.

आपल्या भागात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा हे काम कोरड्या दिवशी, यूपीएसवर किंवा बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करावं. पायऱ्या अशा:

पहिली, डिस्कवरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. काही अद्ययावतीकरणांत माहिती पुसली जाते. विंडोजमध्ये ‘बिटलॉकर’ कुलूप सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि कुलूप तेवढ्यापुरतं स्थगित करा.

दुसरी, डिस्कचं पूर्ण मॉडेल आणि आत्ताची फर्मवेअर आवृत्ती टिपून घ्या. दोन्ही क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसतात.

तिसरी, फर्मवेअर कंपनीच्याच प्रोग्राममधून घ्या. सॅमसंगचं मॅजिशियन, क्रूशियलचं स्टोरेज एक्झिक्युटिव्ह, वेस्टर्न डिजिटलचं डॅशबोर्ड. विक्रेत्याने पेनड्राइव्हवर दिलेलं फर्मवेअर घेऊ नका. हार्ड डिस्कच्या फर्मवेअरमध्येच दडून बसणारी हेरगिरी फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅस्परस्की या कंपनीने उघड केली होती. ती डिस्क पुसूनही जात नाही.

चौथी, डिस्क शक्यतो संगणकात थेट जोडा. यूएसबीच्या डबीतून हे काम बरेचदा होत नाही.

पाचवी, काम सुरू असताना हात लावू नका. संपल्यावर संगणक पूर्ण बंद करून सुरू करा आणि आवृत्ती बदलली का ते पाहा.

यात एक अडचण येते ती खरेदीच्या आधी ओळखायची. लॅपटॉपमधून काढलेल्या बऱ्याच डिस्कवर सॅमसंग लिहिलेलं असतं, पण त्या लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीसाठी खास तयार केलेल्या असतात. मॅजिशियन त्यांना नवं फर्मवेअर देत नाही. ते डेल, एचपी, लेनोव्हो अशा लॅपटॉप कंपनीकडूनच येतं आणि कधीकधी त्यांच्याच यंत्रावर चालतं. अशी डिस्क स्वस्त मिळते ती यामुळेही. दुकानदाराकडून मॉडेल क्रमांक घ्या, फर्मवेअर कुठून मिळतं ते मोबाइलवर तिथेच शोधा आणि मिळत नसेल तर दुसरी डिस्क पाहा.

कपाटातली डिस्क आणि दुसऱ्याचे कागद

झिजलेली एसएसडी राखीव प्रत म्हणून कपाटात ठेवणं बरं नाही. कप्प्यांतला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो लवकर गळतो. जेडेक या संस्थेचं प्रमाण असं आहे, की पूर्ण आयुष्य वापरलेल्या घरगुती डिस्कने वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष माहिती टिकवावी आणि सर्व्हरच्या डिस्कने ४० अंशांना तीन महिने. नवी डिस्क याहून खूप जास्त टिकवते. पण पत्र्याच्या छपराखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर थांबत नाही. वर्षानुवर्षं ठेवायच्या नोंदींसाठी फिरती हार्ड डिस्क बरी. एसएसडीच ठेवायची असेल तर ती दर दोन-तीन महिन्यांनी जोडून त्यातल्या फाइल वाचून पाहाव्यात.

जुन्या डिस्कवर दुसऱ्याचं काहीतरी शिल्लक असण्याचीही शक्यता असते. फाइल ‘डिलीट’ केली म्हणजे रजिस्टरमधलं नाव खोडलं, पलंगावरचा रुग्ण तिथेच असू शकतो. एसएसडीवर वरून काहीबाही लिहून जुनं झाकताही येत नाही, कारण राखीव खोल्यांपर्यंत आपला हात पोहोचत नाही. त्यासाठी कंपनीच्या प्रोग्राममधलं ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइज’ वापरावं लागतं. विकत घेतलेली डिस्क वापरण्याआधी एकदा आणि आपली डिस्क विकण्याआधी एकदा हे करावं. कुणाचा एचआयव्हीचा अहवाल, कुणाचा गर्भपाताचा कागद बाजारात फिरणं ही चेष्टेची गोष्ट नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ही जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. मेलेली डिस्क कचराकुंडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवी.

हे सगळं करायला लागतो तो एक तास. तपासणीशिवाय घेतलेली डिस्क कितीही स्वस्त असली तरी ती महागच. आणि तपासून, नवं फर्मवेअर देऊन, वेगळ्या प्रकारच्या डिस्कवर रोजची प्रत ठेवून वापरलेली जुनी डिस्क ही शहाणपणाची काटकसर आहे. डिस्कवर एक छोटी चिठ्ठी चिकटवा: कधी घेतली, तेव्हा किती तास झाले होते, फर्मवेअर कोणतं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आकडे पुन्हा पाहा. मधुमेहाच्या रुग्णाला आपण साखर तपासायची तारीख देतो. नोंदी सांभाळणाऱ्या डिस्कलाही तशी तारीख असावी.